काळ्या शाईच्या दात्यांस खुले पत्र

सातिवली, वसई (पूर्व), जिल्हा पालघर

आदरणीय साहेब,



पत्रास कारण की, आपल्या उपकारांची पोच द्यायची राहून गेली होती. ‘सब्लिमेशनला कन्व्हर्ट केलेला, टेस्टेड, आजपासून काम सुरू करा’ असा प्रिंटर आपण आम्हाला दिलात, पैसे रोख मोजून घेतलेत आणि निघताना ‘ताई, काही लागलं तर हक्काने फोन करा’ असेही म्हणालात. आम्ही हक्काने पुष्कळ फोन केले. आपण कामात होतात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

आपले नाव मी लिहिणार नाही, काळजी नसावी. आपल्यासारखे दाते वसई फाट्यापासून मशीद बंदरापर्यंत अनेक आहेत. हे पत्र वाचताना त्यांतल्या प्रत्येकाला ते आपल्यालाच लिहिले आहे असे वाटावे, एवढीच माझी इच्छा आहे.

पहिले आभार अर्थातच काळ्या शाईचे. आपण दिलेला प्रिंटर पूर्वी एका कचेरीत बिले छापत असे. त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या यंत्रांवरच आमच्यासारख्यांचे धंदे उभे राहतात. पण कचेरीसाठी बनवलेल्या काही प्रिंटरांत कारखान्यातूनच सायन, मजेंटा आणि यलो या तीन रंगांत डाय शाई असते, आणि काळी तेवढी पिगमेंट असते. कागदावरची काळी अक्षरे पाण्याने फुटू नयेत म्हणून ती तशी देतात. आपले अर्धे आयुष्य अशी यंत्रे उघडण्यात गेले, असे आपणच सांगितले होते. तरीही आपण ती जुनी काळी काढली नाहीत. तिच्यावरच सब्लिमेशनची काळी ओतलीत. टाकी काठोकाठ भरलेली दिसली, आमचे समाधान झाले. आपली अर्धी बाटली वाचली, त्याचेही समाधान आम्ही आता मानून घेतो.

आपले पत्र आणखी काही लोक वाचत आहेत. त्यांनी हे काम कधी जवळून पाहिले नसेल, तेव्हा आपली परवानगी गृहीत धरून त्यांना थोडे सांगते. सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स डाय असतात. चित्र आधी कागदावर उलटे छापायचे, तो कागद पॉलिस्टरच्या कापडावर ठेवायचा आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ४५ ते ६० सेकंद दाबायचा. तेवढ्या उष्णतेने रंगाची थेट वाफ होते, ती धाग्याच्या आत शिरते आणि कापड गार झाले की आतच अडकून बसते. म्हणून असा रंग धुऊन निघत नाही आणि हाताला जाणवतही नाही. पिगमेंट काळी म्हणजे कार्बनचे बारीक कण. कार्बनची वाफ व्हायला सुमारे ३,६०० अंश लागतात. आमची हीट प्रेस २२० पर्यंत जाते. वरचे तीन हजारांहून अधिक अंश आपण कुठून आणून देणार होतात, हे त्या दिवशी विचारायचे राहिले.

दुसरे आभार गोविंदा पथकाच्या वतीने. श्रावणात सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यातल्या आमच्यासारख्या गाळ्यांना उसंत नसते. पोरे रात्रीचा सराव आटोपून येतात, वर्गणीचे पैसे मोजून देतात आणि जर्सी दहीहंडीच्या आदल्या दिवशी हातात हवी असते. पिवळ्या जर्सीवर काळी नावे आणि काळे आकडे, एवढेच काम होते. कागदावर नावे अगदी ठसठशीत उमटली. प्रेस उघडली तर कापडावर ओल्या मातीसारखा रंग. पथकाच्या मुलाने जर्सी उजेडात धरली आणि विचारले, ‘ताई, हे काळं आहे का?’ त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे होते, साहेब. ते आमच्याकडे नव्हते, कारण टाकीत काय आहे हे फक्त आपल्याला माहीत होते.

त्या रात्री आपण फोन उचललात, याबद्दल विशेष आभार. आपला सल्ला होता, ‘टेम्परेचर वाढवा.’ वाढवले. मग म्हणालात, ‘टाइम वाढवा.’ तोही वाढवला. कापडाला प्रेसच्या कडेची चमक आली, पिवळा रंग करपट झाला आणि काळा आणखी तपकिरी झाला. तसे होणारच होते आणि ते आपल्याला ठाऊक असायला हवे होते. सब्लिमेशनची काळी म्हणजे एकच काळा रंग नसतो. निळा, नारिंगी, जांभळा अशा निरनिराळ्या डिस्पर्स डायचे ते मिश्रण असते आणि त्यातला प्रत्येक जण वेगवेगळ्या उष्णतेला, वेगवेगळ्या वेगाने उठतो. कमी तापवले तर एकजण मागे राहतो, जास्त तापवले तर दुसरा पुढे निघून जातो. काळ्यावर हिरवी, तपकिरी किंवा निळी झाक येते ती अशी. म्हणून या सगळ्या धंद्यात सर्वांत नाजूक रंग काळा आहे. लाल थोडा इकडेतिकडे झाला तर तो लालच म्हणवतो. काळा इकडेतिकडे झाला की लगेच दिसतो.

आणि आपण आम्हाला त्या काळ्याच्या बाबतीत अंधारात ठेवलेत.

पुढचा सल्लाही मोलाचा होता: ‘डिझाइनमध्ये प्रॉब्लेम असेल, ताई.’ हे कारण निराधार नाही, म्हणून ते तपासले. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते के १००, म्हणजे फक्त काळी शंभर टक्के, दिले की आरजीबीत जाताना त्याचा पूर्ण काळा होत नाही, गडद राखाडी होतो. आमच्या प्रिंटरसारख्या छोट्या यंत्राचा ड्रायव्हर तर आरजीबीच घेतो. म्हणून आकडे बदलले, आरजीबीचे तिन्ही रंग शून्यावर आणले. कागदावरचा काळा आणखी गडद झाला. कापडावर तीच ओली माती. डिझाइनवर आळ घेऊन आपण किती जणांना गप्प केले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. या धंद्यात नव्या आलेल्या बायका आहेत, बारावी झालेली पोरे आहेत. ‘तुमच्या फाइलमध्येच गडबड आहे’ म्हटले की ती मान खाली घालून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडूनच नवी बाटली घेऊन येतात.

आम्हाला खरे काय ते कळले, ते प्रेसमधून काढलेल्या कागदावरून. एरवी तो कागद आपण चुरगाळून टाकतो. त्या दिवशी चारही रंगांचा एकेक चौकोन छापून दाबला होता, म्हणून कागद टाकला नाही. प्रेसमधून बाहेर आल्यावर निळा, गुलाबी आणि पिवळा चौकोन कागदावर फिके पडले होते, म्हणजे ते कापडात गेले होते. काळा चौकोन मात्र जागचा हलला नव्हता. जवळजवळ तसाच काळाकुट्ट होता. ही चाचणी करायला कुठलेही यंत्र लागत नाही. प्रेस आधीच असते आणि कागद कुठेच जात नाही. ज्याने ज्याने कन्व्हर्ट केलेला प्रिंटर घेतला आहे त्याने काळ्याचा एक भरीव चौकोन छापून दाबावा, आणि कापडाकडे पाहण्याआधी कागदाकडे पाहावे. काळा कागदावरच राहिला असेल तर त्या टाकीत सब्लिमेशनची शाई नाही, किंवा ती दुसऱ्या कशात तरी मिसळलेली आहे. आपण हे एका मिनिटात, विक्रीच्या आधी, आमच्यासमोर दाखवू शकला असतात.

आपण दाखवलात तो मोर. त्या मोराबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे.

वाचकांनो, साहेबांनी प्रिंटर देताना एक मग छापून दाखवला होता. मगावर मोर होता. निळा, हिरवा, पिसाऱ्यावर सोनेरी डोळे. आमच्या गाळ्यातली सगळी माणसे बघायला गोळा झाली होती. साहेबांनी ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार फोटो पेपर निवडला होता आणि आम्हालाही बजावले, ‘नेहमी फोटोच ठेवा, क्वालिटी हाय.’ त्यामागचे कसब नंतर कळले. ज्या यंत्राला कारखान्यातून पिगमेंट काळी दिलेली असते, त्याचा ड्रायव्हर फोटो पेपर निवडला की काळ्या टाकीला बाजूला ठेवतो, कारण चकचकीत कागदावर पिगमेंट नीट बसत नाही. मग गडद भाग तो सायन, मजेंटा आणि यलो एकत्र करून भागवतो. प्लेन पेपर निवडला की काळी टाकी पुढे येते. मोराच्या मगात काळ्या टाकीला जवळपास कामच नव्हते. दहीहंडीच्या नावांत सगळे काम तिचेच होते, आणि नावे घाईत प्लेनवर छापली जातात, हे आपल्याला चांगलेच माहीत होते. आपण चारपैकी तीन टाक्यांची परीक्षा घेतलीत आणि चारही पास झाल्याचा दाखला दिलात.

काळ्याचा हा वाटा किती मोठा असतो, हेही इथे लिहून ठेवते. बाजारात जो चार रंगांचा टाकीवाला प्रिंटर सब्लिमेशनसाठी सर्रास घेतात, त्या एप्सन एल १३० मध्ये सायन, मजेंटा आणि यलो यांना प्रत्येकी ५९ नॉझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, आहेत. काळ्याला १८०. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने काळ्याला कोणत्याही एका रंगाच्या तिप्पट रस्ता दिला आहे. त्या मॉडेलची मूळ काळी डाय जातीचीच असते, हे त्यातल्या त्यात बरे. तरी तीही सब्लिमेशनची नसते, आणि पुरी धुऊन काढली नाही तर तिचा फिकेपणा पुढे कितीतरी प्रिंटांत डोकावत राहतो. आपण ज्या दालनाचे दार सर्वांत मोठे, तेच सर्वांत कमी झाडलेत.

शिवाय नेहमी फोटोवर छापण्याच्या सल्ल्याचा आणखी एक प्रसाद मिळाला. काळी टाकी कामच करत नसेल तर तिच्या नॉझलमधली शाई जागच्या जागी सुकते. त्यात आपल्या कृपेने तिथे दोन जातींची शाई एकत्र नांदत होती. पिगमेंटचे कण आणि डिस्पर्स डायचे कण ज्या द्रव्यांच्या आधाराने तरंगत राहतात, ती द्रव्ये एकमेकांशी जुळतीलच असे नाही. न जुळली की कण एकत्र येतात, गाळ होतो आणि तो हेडआधी शाई गाळणाऱ्या डॅम्परच्या जाळीत बसतो. आमच्या नॉझल चेकच्या कागदावर काळ्या रेघांमध्ये अशी खिंडारे पडली की कागद बघवेना.

‘हेड क्लीनिंग मारा,’ आपण म्हणालात. मारली. ‘अजून मारा.’ अजून मारली. आपण ज्याला क्लीनिंग म्हणता त्यात यंत्र शाई ओढून तळाच्या स्पंजात टाकते, ज्याला वेस्ट इंक पॅड म्हणतात. म्हणजे जेवढी आपली शाई साफ करावी तेवढी आपलीच नवी शाई विकत घ्यावी लागते. यंत्र या पॅडचा हिशोब ठेवते. हिशोब भरला की ते थांबते, आणि दोन दिवे आळीपाळीने मिचकावत राहते. तेव्हाही आपण धावून आलात. रिसेटरचा कोड विकत दिलात, मोजणी शून्यावर आली. स्पंज मात्र जुनाच, तुडुंब भरलेला. मोजणी शून्य झाल्याने स्पंज कोरडा होत नाही, साहेब. तो टेबलावर गळला आणि खाली ठेवलेल्या कोऱ्या जर्सींच्या गठ्ठ्यात मुरला.

माझ्या ओळखीतल्या एका बचत गटाच्या बायकांनी आपल्याच पंगतीतल्या दुसऱ्या एका दात्याकडून मोठा, ए-३ आकाराचा प्रिंटर घेतला. त्यात काळ्याच्या दोन टाक्या असतात, एप्सन एल १३०० मध्ये असतात तशा. रंग चार आणि टाक्या पाच. काळा मजकूर भरभर छापला जावा म्हणून ही सोय केलेली आहे. दात्याने एका काळ्या टाकीत सब्लिमेशनची शाई भरली आणि दुसरीत साधी, स्वस्त काळी. दोन्ही बाहेरून सारख्याच काळ्या दिसत होत्या. कागदावर छपाई दाट यायची, कापडावर निम्मीच उठायची. त्या बायकांनी कापड बदलले, कागद बदलला, प्रेस दुरुस्तीला टाकली. दुसऱ्या टाकीचा संशय कुणालाच आला नाही, कारण पाचही टाक्या ‘सब्लिमेशनच्या’ म्हणून त्यांनी पैसे दिले होते. त्यांचे कर्ज गटाच्या बचतीतून काढलेले आहे. या एका गोष्टीवर मी आपल्याशी गोड बोलू शकत नाही.

प्रोफाइलबद्दल आभार मानायचे तर कामाचे काही दिलेलेच नाही, पण निदान नावाचा उल्लेख करते. ड्रायव्हर कारखान्याच्या शाईचा हिशोब धरून रंग कालवतो. शाई बदलली तरी त्याला ते कळत नाही. म्हणून त्या शाईचे, त्या कागदाचे आणि त्या कापडाचे मिळून आयसीसी प्रोफाइल बनवायचे असते: रंगांच्या चौकोनांचा तक्ता छापायचा, तो खऱ्या कापडावर दाबायचा आणि कापडावरचे चौकोन मापकाने वाचायचे. यातही सर्वांत कसोटी लागते ती गडद भागाची, कारण किती काळा काळ्या टाकीतून घ्यायचा आणि किती तीन रंगांतून, हे तिथे ठरते. आपण दिलेल्या सीडीत प्रोफाइल होते खरे. ते दुसऱ्याच शाईचे होते आणि कागदावरून मोजलेले असावे, कारण त्याने माणसांच्या चेहऱ्यांना कावीळ व्हायची. ‘रेड थोडा वाढवा,’ हा आपला उपाय होता. तो आम्ही एका लग्नाच्या फोटोच्या उशीवर करून पाहिला. नवरीच्या आईने उशी परत केली.

गाळ्यात ट्यूबलाइटखाली बरा दिसणारा काळा मैदानावर दुपारच्या उन्हात हिरवट दिसतो, हेही काळ्यातल्या निरनिराळ्या डायच्या मिश्रणाचेच लक्षण. नमुना पास करायचा तर तो उंबऱ्याबाहेर नेऊन पाहावा लागतो. हे आम्हाला गिऱ्हाइकाने शिकवले, आणि गिऱ्हाईक शिकवणीचे पैसे बिलातून कापून घेते.

बाटलीविषयीही दोन शब्द. आपल्या बाटल्यांवर फक्त ‘बीके’ असे मार्करने लिहिलेले असते. कोणत्या लॉटची, कधी भरली, कुणाची, काही नाही. डिस्पर्स डाय पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे कण नुसते तरंगतात आणि उभे ठेवले की तळाशी बसतात. बाटली हलवून भरायची, प्रिंटर दिवसाआड तरी चालवायचा, हे सांगायला किती वेळ लागला असता? आमच्याकडे तुंगारेश्वराच्या बाजूला पावसाळा आला की गाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. कागद ओल धरतो, आणि ओला कागद दाबला की वाफेने रंग फिसकटतो, काळ्याच्या कडांना सावली येते. त्यासाठी कापड आधी रिकामे दाबून कोरडे करायचे आणि कागद पिशवीत बंद ठेवायचा. वसईत राहून आपण वसईच्या पावसाबद्दल गिऱ्हाइकाला अवाक्षर बोलत नाही, ही केवढी संयमाची गोष्ट आहे.

आता एक गोष्ट अगदी सरळ सांगते. प्रिंटर कन्व्हर्ट करण्याच्या धंद्याविरुद्ध मी नाही. उलट त्याची बाजू मी कुठेही घेईन. खास सब्लिमेशनसाठी बनवलेले यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे असते. कन्व्हर्जन शक्य होते त्यालाही पक्के कारण आहे. एप्सनच्या यंत्रांतले हेड पिझो जातीचे असते. विजेने त्यातला स्फटिक वाकतो आणि थेंब ढकलतो, शाई तापवावी लागत नाही. ज्या यंत्रांत शाई तापवून बुडबुडा काढतात आणि त्या जोरावर थेंब उडवतात, तिथे तापल्यावर वाफ होणारी शाई धड चालत नाही. म्हणजे हे काम चोरटे किंवा अडाणी नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा काढला. पुढे १९५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास याने कागदावरून वाफेने त्यात रंग भरण्याची युक्ती बसवली. तेच काम आज सातिवलीच्या गाळ्यात ए-४ प्रिंटरवर होते. मला याचा अभिमान वाटतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे मग, टेनिस बॉल क्रिकेटच्या जर्सी, गणपती मंडळांचे टी-शर्ट, घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोटोच्या फरशा, हे सगळे या धंद्याने साध्या माणसांच्या आवाक्यात आणले. मगाला तर १८० अंशांच्या जवळपास तीनेक मिनिटे लागतात. एवढ्यात एका घराची वाढदिवसाची भेट तयार होते. आपण त्या धंद्याच्या मुळाशी जुनी काळी शाई ओतत आहात, म्हणून मला राग येतो.

साफ करणे अशक्य असते तर मी गप्प बसले असते. ते शक्य आहे, फक्त वेळखाऊ आहे. शेजारच्या गाळ्यातला एक मुलगा आणि मी मिळून ते केले. आधी काळी टाकी रिकामी केली. नळीतून क्लीनिंग लिक्विड सोडत राहिलो, ते स्वच्छ येईपर्यंत. डॅम्पर बदलला, कारण त्याच्या जाळीतला गाळ धुऊन निघत नाही. मग काळ्या वाटेत नुसते क्लीनिंग लिक्विड भरून यंत्राकडून काळ्याची भरीव पाने काढून घेतली. पहिली पाने काळपट होती, मग राखाडी, मग कोरी. हेडखाली ओली घडी ठेवून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी पुन्हा छापले, कारण आत सुटलेला गाळ रात्रीतून खाली येतो. त्या सकाळी पान पुन्हा राखाडी आले! पुन्हा धुतले. कागद पूर्ण कोरा आल्यावरच नवी काळी भरली, हलवून, गाळून. मग काळा चौकोन छापला, दाबला आणि कागद पाहिला. फिका होता. कापडावर काळा होता. वाया गेलेले पाणी आम्ही कॅनमध्ये भरून ठेवले आहे. गटारात ओतले नाही, कारण इथल्या गटाराचे पाणी शेवटी खाडीलाच जाते.

हे सगळे विक्रीच्या आधी, आपल्या दुकानात, आपल्या वेळेत व्हायला हवे होते. आपण त्याचे पैसे घेतले होते. नसतील घ्यायचे तर ‘काळी धुतलेली नाही, तुम्ही धुवा’ असे सांगून यंत्र स्वस्त द्यायचे. त्यातही अब्रू राहते. दोन काळ्या टाक्या असतील तर दोन्हीत एकच शाई भरा. एकच चालवायची असेल तर दुसरीत क्लीनिंग लिक्विड भरा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगा. कुठल्या कागदाच्या सेटिंगला काळी टाकी चालते आणि कुठल्या सेटिंगला झोपते, हे यंत्रावर चिकटपट्टीने लिहा.

म्हणून आपल्या चरणी एक छोटी विनंती. पुढचा प्रिंटर विकताना पावतीवर चार गोष्टी लिहा: यंत्राची मूळ काळी कोणत्या जातीची होती, ती धुतली की नाही, आता प्रत्येक टाकीत काय आहे आणि शाई कोणत्या लॉटची. आणि गिऱ्हाइकासमोर मोर छापू नका. काळा चौकोन छापा, दाबा, आणि कापड व कागद दोन्ही त्याच्या हातात द्या. एवढे केलेत तर पुढचे पत्र मी खरोखर आभाराचे लिहीन आणि त्यात आपले नावही लिहीन.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
सातिवलीच्या एका गाळ्यातली गिऱ्हाईक

ता. क. ज्यांनी कुणी कुठूनही कन्व्हर्ट केलेला प्रिंटर घेतला असेल, त्यांनी काळ्याचा चौकोन छापलेला कागद आणि पॉलिस्टरचा एक तुकडा घेऊन आमच्या गाळ्यात यावे. आम्ही दाबून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. साहेब, आपणही येऊ शकता. फक्त कागद आपल्या स्वतःच्या प्रिंटरवर छापलेला असावा.